शास्त्रभागाचा अभ्यास आणि त्यातून घडणारी प्रार्थना

एका भगिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्षभरात संपूर्ण बायबल वाचून व्हावे म्हणून त्या एका तक्त्याप्रमाणे रोज तीन-चार अध्याय वाचतात, पण सकाळी वाचलेले दुपारी आठवत नाही. वाचनानंतर त्या प्रार्थना करतात. तिच्यात मुलाची परीक्षा, सासूबाईंचे दुखणे, मंडळीतील आजारी माणसे हेच विषय रोज त्याच शब्दांत येतात, आणि नुकत्याच वाचलेल्या अध्यायांचा त्या प्रार्थनेशी काही संबंध नसतो. उताऱ्याचा नीट अभ्यास कसा करावा, त्यातून प्रार्थना कशी करावी आणि सुरुवात कोणत्या शास्त्रभागापासून करावी, असे त्यांनी विचारले आहे.

अभ्यासवर्ग आणि घरसभा चालवताना हा प्रश्न माझ्यापुढे वारंवार आला आहे, आणि त्यावर माझे मत आता पक्के झाले आहे: आपल्या प्रार्थनेचा विषय त्या दिवशीच्या उताऱ्याला ठरवू द्यावा. आपण बहुधा उलट करतो. मागण्यांची यादी मनात आधीच तयार असते, वाचन हे तिच्या आधीचे कर्तव्य म्हणून उरकले जाते आणि मग यादी देवापुढे वाचली जाते. ब्रिस्टल येथे अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्युलर हे प्रार्थनेचा माणूस म्हणून आपल्या मंडळ्यांत परिचित आहेत. त्यांनी १८४१ साली लिहून ठेवले आहे की पूर्वी ते सकाळी आधी प्रार्थनेला बसत आणि पुष्कळदा पहिला पाव तास, कधी अर्धा तास, मन भटकण्यातच जाई. पुढे त्यांनी क्रम बदलला. नव्या करारातील थोडासा भाग घेऊन त्यावर मनन करू लागले, आणि ते मनन थोड्याच वेळात आपोआप पापकबुलीकडे, उपकारस्तुतीकडे किंवा मध्यस्थीकडे, म्हणजे इतरांसाठी मागण्याकडे, वळू लागले. ज्याच्या प्रार्थनेची उदाहरणे आपण देतो, त्या माणसाला प्रार्थनेसाठी शब्द आणि विषय वचनातून घ्यावे लागले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मात्र विषय उताऱ्याने ठरवायचा असेल, तर उतारा खरोखर काय म्हणतो हे कळले पाहिजे, आणि त्यासाठी अभ्यास टाळता येत नाही. अभ्यासाने भक्ती कोरडी पडते, असा एक समज आपल्याकडे रुजलेला आहे, आणि मला तो मनापासून चुकीचा वाटतो. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली प्रार्थनेतून जे आत्मिक संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती, झाले, त्याविषयी आजही साक्षी सांगितल्या जातात. त्याच आवारात पंडिता रमाबाई इब्री आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून, सामान्य स्त्रियांना कळेल अशा साध्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर करण्यासाठी कष्टत होत्या, आणि १९२२ साली त्यांचे निधन होईपर्यंत हे काम त्यांच्या हातात होते. रात्रंदिवस प्रार्थना करणारे ते घर आणि व्याकरणाची पुस्तके उघडून बसलेली ती बाई, यांना वेगळे काढता येत नाही.

उतारा किती मोठा घ्यावा, याचे उत्तर सोपे आहे. सहा ते बारा वचने पुरेत, आणि ती आठवडाभर पुरवावीत. उतारा कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो हे मात्र स्वतः तपासावे. आज दिसणारे अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधील धर्मगुरू स्टीफन लँग्टन यांनी पाडलेल्या विभागणीवरून आले आहेत, आणि नव्या करारातील वचनांचे क्रमांक १५५१ साली रोबेर एस्तियेन या मुद्रकाने दिले. ही सोय उपयोगी असली तरी ती मूळ लेखकांची नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायाचे पहिले वचन खरे तर दहाव्या अध्यायातील विवेचनाचा शेवट आहे. अकरावा अध्याय उघडून तेथून वाचायला लागलो, तर पौल कोणत्या बाबतीत आपले अनुकरण करायला सांगतो हे समजतच नाही. वार्षिक तक्ता सोडून द्या, असे मी म्हणणार नाही, कारण एका उताऱ्याचा अर्थ लागण्यासाठी संपूर्ण शास्त्राची ओळख लागते. तो तक्ता दोन-तीन वर्षांवर पसरावा, ते वाचन संध्याकाळी करावे आणि सकाळचा वेळ एका उताऱ्याला द्यावा.

आता मार्ककृत शुभवर्तमान १०:४६-५२ हा उतारा घेऊ. येशू, शिष्य आणि मोठा समुदाय यरीहोतून बाहेर पडत असताना वाटेच्या कडेला बसलेला आंधळा भिकारी बार्तीमय ओरडू लागतो. लोक दटावतात, तो आणखीच ओरडतो, येशू थांबतो, त्याला बोलावतो, त्याला काय हवे ते विचारतो आणि दृष्टी देतो. ही गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकत आलो आहोत, आणि अडचण तिथेच आहे. माहीत असलेल्या मजकुरावरून डोळे भरभर फिरतात आणि वाचल्याचे समाधान मात्र मिळते.

यावर मला सापडलेला सर्वांत चांगला उपाय म्हणजे उतारा हाताने उतरवून काढणे. वहीचे डावे पान शास्त्रभागासाठी ठेवावे, त्यावर सातही वचने सावकाश लिहावीत, आणि उजव्या पानावर लिहिताना जे दिसेल ते टिपावे. अर्थ, शिकवण किंवा स्वतःला लागू होणारे काही पहिल्या दिवशी लिहू नये. फक्त जे आहे ते लिहावे. या सात वचनांपुढे उजव्या पानावर साधारण अशा नोंदी येतात. सुरुवातीला बार्तीमय वाटेच्या कडेला बसलेला आहे आणि शेवटी तो त्याच वाटेने येशूच्या मागे चालला आहे. येशू त्याला स्वतः हाक मारत नाही. 'त्याला बोलवा' असे तो लोकांना सांगतो, म्हणजे ज्यांनी गप्प बसायला सांगितले त्या गर्दीलाच आता बोलावणे पोहोचवावे लागते, आणि तीच गर्दी 'धीर धर, ऊठ' असे म्हणू लागते. तो आपले वस्त्र टाकून देतो. आंधळ्या माणसाला काय हवे हे उघड असतानाही येशू विचारतो. बार्तीमयाचे नाव दिले आहे, वडिलांचेही दिले आहे. यांतील एकही गोष्ट गूढ नाही, सगळी कागदावर होती. पण नुसत्या वाचण्यात वस्त्राचा उल्लेख बहुतेकांच्या हातून निसटतो.

दुसऱ्या दिवशी आजूबाजूला पाहावे, आणि येथे अभ्यासाचे कष्ट भरभरून फळ देतात. याच अध्यायात थोडे आधी, ३६व्या वचनात, येशूने हाच प्रश्न आणखी कोणाला तरी विचारलेला आहे. याकोब आणि योहान त्याच्याकडे येऊन आमचे मागणे पुरवा म्हणतात, तेव्हा मी तुमच्यासाठी काय करावे, असे तो त्यांना विचारतो, आणि ते त्याच्या वैभवात उजवीकडची आणि डावीकडची जागा मागतात. आंधळ्याला तोच प्रश्न विचारला जातो आणि तो दृष्टी मागतो. त्याच अध्यायात आणखी मागे गेलो तर एक श्रीमंत माणूस भेटतो. त्याला येशू आपल्या मागे येण्यास सांगतो आणि तो खिन्न होऊन निघून जातो, कारण त्याची मालमत्ता फार होती. बार्तीमयाजवळ टाकून देण्यासारखे एक वस्त्रच होते, आणि ते त्याने टाकले. त्याहून मागे आठव्या अध्यायात बेथसैदा येथील आंधळ्याला दृष्टी देण्याचा प्रसंग आहे. त्याला पहिल्या स्पर्शानंतर माणसे झाडांसारखी दिसतात आणि दुसऱ्या स्पर्शानंतर स्पष्ट दिसू लागते. या दोन आंधळ्यांच्या मध्ये येशू आपल्या मरणाविषयी तीनदा सांगतो आणि शिष्यांना तिन्ही वेळा ते उमगत नाही. मार्काने हे प्रसंग असे मांडले आहेत की डोळे असलेल्यांना दिसत नाही आणि वाटेच्या कडेला बसलेल्या आंधळ्याला दावीदपुत्र, म्हणजे दावीद राजाच्या वंशातील मसीहा, ओळखता येतो, हे वाचणाऱ्याने टिपल्याशिवाय राहू नये.

थोडा भूगोलही पाहून घ्यावा. यरीहो समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटर खाली आहे आणि यरुशलेम सुमारे ७५० मीटर उंचीवर. बार्तीमय ज्या वाटेला लागला ती उभ्या चढणीची होती, आणि पुढच्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात यरुशलेम जवळ आलेले आहे. दृष्टी मिळाल्यावर त्याने सर्वप्रथम कोणती वाट धरली, हे नकाशा उघडल्यावर जितके जाणवते तितके एरवी जाणवत नाही. इतर शुभवर्तमानांत मत्तय दोन आंधळ्यांविषयी सांगतो, आणि लूक हा प्रसंग यरीहोजवळ येताना घडल्याचे सांगतो. हे फरक टिपून ठेवावेत, पण तिन्ही वृत्तान्त एकत्र कालवू नयेत. मार्काला काय सांगायचे आहे ते मार्काकडूनच ऐकावे.

येथे एक काळजी घ्यावी असे मला आवर्जून सांगायचे आहे. या उताऱ्यावरून आत्मिक अंधत्वाविषयी बोलताना आपण बार्तीमयाला निव्वळ दृष्टान्त करून टाकतो, आणि सभेत खरोखर अंध असलेले बंधू-भगिनी बसलेले असतात. मार्काच्या शुभवर्तमानात बरे झालेल्यांपैकी याच एकाचे नाव दिलेले आहे. तो नावगाव असलेला माणूस होता आणि त्याला डोळे हवे होते. तसेच, विश्वास ठेवला की प्रत्येक आजार जाईलच, असे अभिवचन या उताऱ्यात नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसून या वचनांवर प्रार्थना करणाऱ्याने हे विसरू नये.

एवढे झाल्यावर प्रार्थना दूर राहत नाही. खरे पाहता, अभ्यास करतानाच ती सुरू झालेली असते. तिला आकार देण्यासाठी जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर यांनी १५३५ साली आपल्या न्हाव्याला, पेत्राला, लिहून दिलेली रीत मला आजही उपयोगी वाटते. प्रत्येक वचनातून चार गोष्टी घ्याव्यात: यात देव मला काय शिकवतो, कशाबद्दल मी त्याचे उपकार मानावेत, काय कबूल करावे आणि काय मागावे. एका कारागिराला प्रार्थना कशी करावी असे विचारावेसे वाटले, आणि एका विद्वान धर्मोपदेशकाने त्याला पुस्तिकेएवढे उत्तर लिहून दिले, याचे मला फार अप्रूप आहे. चारही गोष्टी प्रत्येक वचनात सापडतील असे नाही, आणि एखाद्याच गोष्टीवर मन थांबले तर तेथेच थांबावे, असे लूथर यांनीही सांगितले आहे. बार्तीमयाच्या उताऱ्यावरून या रीतीने केलेली प्रार्थना कशी होते, ते दाखवण्यासाठी एक नमुना लिहितो.

'प्रभू येशू, तू वधस्तंभाच्या वाटेवर होतास आणि तरी एका भिकाऱ्याच्या हाकेसाठी थांबलास. तू असा आहेस, म्हणून मी तुझे उपकार मानते. त्या गर्दीत मीही असते. ज्यांच्या ओरडण्याने माझी घाई अडते त्यांना मी गप्प बसवते, आणि तुझ्यासोबत चालले आहे म्हणून मला ते योग्यही वाटते. मला क्षमा कर. ज्याला मी दटावले त्याच्याकडे तू मलाच निरोप घेऊन पाठव. तू मला विचारतोस, मी तुझ्यासाठी काय करावे. प्रभू, मी पुष्कळदा याकोब आणि योहान यांच्यासारखे मागितले आहे. मला दिसू दे. जे दिसेल ते पाहून तुझ्या मागे चढण चढण्याचे बळ दे. आमेन.'

आता तुमच्या नेहमीच्या विषयांकडे वळू. मुलगा आणि सासूबाई प्रार्थनेतून गळत नाहीत. उतारा जे दार उघडतो त्यातून ते आत येतात आणि आत येताना मागणे बदलते. मुलाच्या परीक्षेसाठी प्रार्थना करताना येशूचा प्रश्न तुमच्या कानावर पडला पाहिजे: या मुलासाठी मी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? मग आपण त्याच्यासाठी उजवीकडची जागा मागत आहोत की दृष्टी मागत आहोत, हे प्रामाणिकपणे तपासावे लागते. गुण मागू नयेत असे नाही. पण पंधरा दिवस 'त्याला नव्वद टक्के पडू देत' असे म्हणणारी आई या उताऱ्यापाशी आठवडाभर बसली, तर तिचे मागणे मुलाच्या भीतीपर्यंत, त्याच्या एकटेपणापर्यंत, त्याने कोणाच्या मागे चालावे इथपर्यंत पोहोचते. सासूबाईंच्या दुखण्याचेही तसेच आहे. रात्री तिसऱ्यांदा आलेली त्यांची हाक ही वाटेच्या कडेवरची हाक आहे, आणि घरात त्यांना कोण गप्प बसवते हा प्रश्न उताऱ्यातच आहे. अशी प्रार्थना झाल्यावर पुढचे पाऊल शोधावे लागत नाही. त्या दिवशी थांबायचे आणि त्यांच्याजवळ जाऊन 'तुम्हाला काय हवंय, आई?' असे विचारायचे. काय हवे ते आपल्याला माहीत आहे असे वाटत असले तरीही विचारायचे.

एकेकटे वचन उचलून त्यावर प्रार्थना करण्याविषयी मला काळजी वाटते, म्हणून दुसरे उदाहरण देतो. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत पुष्कळ मंडळ्यांमध्ये नव्या वर्षासाठी अभिवचनाची चिठ्ठी दिली जाते, आणि त्यांत यिर्मया २९:११ हमखास असते: देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. लोक ते फ्रिजवर लावतात आणि त्याच्या आधारावर नोकरी, लग्न, व्हिसा यांसाठी प्रार्थना करतात. त्या वचनावरील प्रेमाचा मी आदर करतो, आणि म्हणूनच ते ज्या पत्रात आहे ते संपूर्ण पत्र वाचा असे म्हणतो. इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमहून ते पत्र लिहिले. त्याआधीच्याच अध्यायात हनन्या नावाच्या संदेष्ट्याने दोन वर्षांत सगळे परत येतील असे जाहीर केले होते, आणि लोकांना तेच ऐकायचे होते. यिर्मया मात्र सत्तर वर्षे लागतील असे सांगतो. ते वचन ११व्याच्या लगेच आधी, १०व्या वचनात आहे. पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्यांनी तोवर काय करावे? घरे बांधावीत, बागा लावाव्यात, मुलाबाळांची लग्ने करावीत, आणि ज्या नगरात ते बंदिवान होऊन आले त्याच्या हितासाठी झटावे, त्याच्यासाठी परमेश्वराकडे प्रार्थना करावी.

हे वाचल्यावर ११व्या वचनाचे सांत्वन कमी होत नाही, ते सत्तर वर्षांच्या वाटेवर पुरेल इतके मोठे होते. आणि प्रार्थनेचा विषय बदलतो. गाव सोडून पुण्यात, मुंबईत, दुबईत कामासाठी राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी 'प्रभू, मला येथून सोडव' यासोबत 'प्रभू, या शहराचे भले कर' अशी प्रार्थना करायला हवी, हे या उताऱ्याने सांगितल्याशिवाय आपल्या यादीत कधी आले असते असे मला वाटत नाही. ज्या गल्लीत राहता तेथील नळाच्या पाण्यासाठी, शाळेसाठी, शेजारच्या ज्या घराशी तुमचे बोलणे नाही त्या घरासाठी नाव घेऊन प्रार्थना करणे, हा २९व्या अध्यायाचा अभ्यास पूर्ण झाल्याचा पुरावा आहे.

याला लागूनच 'देवाने मला या वचनातून सांगितले' या वाक्याविषयी. देव वचनातून बोलतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हणूनच हे वाक्य उच्चारण्यापूर्वी थांबावे. मला जे सुचले ते त्या उताऱ्याच्या अर्थाशी जुळते का, संपूर्ण शास्त्राच्या शिकवणीशी जुळते का, आणि मंडळीतील एखाद्या वडीलधाऱ्या, जाणत्या विश्वासणाऱ्याला ते सांगितल्यावर तो काय म्हणतो, हे पाहावे. दुसऱ्याच्या लग्नाविषयी, पैशांविषयी किंवा आजाराविषयी सुचलेले असेल तर ही पडताळणी दुप्पट काळजीने करावी, कारण त्याचा भार आपल्यावर न पडता त्या माणसावर पडतो.

मन दुःखाने भरलेले असेल तेव्हा उजव्या पानावर नोंदी करणे जमत नाही, आणि ते जमले नाही म्हणून खंत करू नये. अशा वेळेसाठी स्तोत्र १३ आहे. अवघी सहा वचने, त्यांतल्या पहिल्या दोन वचनांत 'कोठवर?' हा प्रश्न चार वेळा. तो प्रश्न देवाला आहे, स्वतःच्या मनातील दुःखाविषयी आहे आणि वैऱ्याविषयी आहे. पुढच्या दोन वचनांत मागणे आहे: माझ्याकडे पाहा, माझे ऐक, माझ्या डोळ्यांत प्रकाश घाल. शेवटच्या दोन वचनांत भरवसा आणि गायन आहे. चौथ्या आणि पाचव्या वचनांच्या मध्ये काय घडले, ते स्तोत्र सांगत नाही. वैरी गेला, आजार बरा झाला, असे काहीही तेथे नाही. शीर्षकात हे स्तोत्र मुख्य गवयासाठी असल्याचे म्हटले आहे, म्हणजे ही तक्रार मंदिरातील गायनासाठी होती, लपवून ठेवण्यासाठी नव्हती. दुःखी माणसाने पहिली दोन वचने पाठ करून दिवसभर म्हटली, तर ती पूर्ण प्रार्थना आहे. पाचव्या वचनापर्यंत त्याच दिवशी पोहोचण्याची सक्ती कोणी करू नये. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते, आणि तेही शास्त्रात आहे.

मननाविषयी थोडेसे. बाराव्या शतकात ग्विगो दुसरा नावाच्या कार्थुसियन (एकांतात राहणाऱ्या ख्रिस्ती संन्याशांच्या संघाच्या) मठाधिपतीने वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशा चार पायऱ्यांची शिडी वर्णिली. श्रवण, मनन, निदिध्यास ही परंपरा जपलेल्या मराठी वाचकाला ती परकी वाटू नये. त्या मठांतून वचनाच्या रवंथाविषयी बोलले जाई: गाय जशी एकदा खाल्लेले शांतपणे पुन्हा चघळते, तसे सकाळी वाचलेले दिवसभर चघळायचे. तुम्हाला दुपारी आठवत नाही, याचे एक कारण हेच की तीन-चार अध्यायांचा रवंथ होऊ शकत नाही. अभ्यास झाल्यावर उताऱ्यातील एक लहान वाक्य, जसे 'अहो येशू, दावीदपुत्र, माझ्यावर दया करा', निवडावे आणि कपडे वाळत घालताना, बसची वाट पाहताना, रात्री झोप येत नसताना ते सावकाश म्हणावे. प्रार्थनेच्या शेवटी काही मिनिटे काहीही न बोलता बसावे. त्या शांततेत काही जाणवले नाही तर काही बिघडत नाही.

साधनांचे फार अवडंबर नको. बहुतेक प्रॉटेस्टंट घरांत बायबल सोसायटीची आवृत्ती असते. तिच्या शेजारी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' ठेवून तोच उतारा वाचला तर पुष्कळ वाक्ये स्वच्छ होतात. टीकाग्रंथ, म्हणजे शास्त्रभागाचा अर्थ उलगडणारी पुस्तके, अवश्य पाहावीत, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी, स्वतःच्या नोंदी झाल्यावर. आधी पाहिले तर आपले डोळे त्यांच्या बोटामागे जातात आणि स्वतः पाहण्याची सवय लागत नाही. मोबाइलवर वाचत असाल तर त्या अर्ध्या तासापुरते इंटरनेट बंद ठेवा. घरसभेत हीच रीत वापरायची असेल, तर सर्वांनी आठवडाभर एकच उतारा घ्यावा, प्रत्येकाने आपल्याला वचनात दिसलेली एक गोष्ट सांगावी आणि त्यावर कोणी लगेच संदेश देऊ नये. कमी शिकलेल्या, सभेत कधी न बोलणाऱ्या बहिणीला वस्त्र टाकल्याचा उल्लेख दिसतो आणि अनुभवी प्रचारकाला दिसत नाही, असे मी अनेकदा पाहिले आहे.

सुरुवात कोठून करावी, तर पहिला आठवडा मार्क १०:४६-५२ घ्या, कारण वाट वर दाखवलीच आहे. दुसरा आठवडा स्तोत्र १३, मग तिसऱ्या आठवड्यात यिर्मया २९:१-१४ संपूर्ण. त्यानंतर लूक ११:१-१३ घ्यावे, जेथे शिष्य येशूला प्रार्थना करायला शिकव असे म्हणतात आणि तो त्यांना प्रार्थनाही देतो आणि मध्यरात्री भाकरी मागणाऱ्या मित्राची गोष्टही. मग फिलिप्पैकरांस पत्राचे चारही अध्याय, दर आठवड्याला थोडे थोडे. पौल बंदिवासात असताना ते लिहिले गेले आहे, हे पहिल्या पानावर टिपून ठेवून वाचावे. प्रकटीकरण आणि संदेष्ट्यांची मोठी पुस्तके पहिल्या वर्षी या रीतीने घेऊ नयेत, संध्याकाळच्या वाचनात ती येतीलच. एखाद्या आठवड्यात उतारा बंदच राहिला, काहीच उलगडले नाही, तर तोच पुन्हा एक आठवडा घ्या, पण या वेळी तो घरातील कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या आणि तुम्ही फक्त ऐका.